कॉलेजातला वाघ एनएफएलमध्ये शेळी का होतो?

बक्कळआय (कोलंबस, ओहायो)
इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे किती जण आहेत कल्पना नाही, पण जे आहेत त्यांनी जरा मतं टाका. ("हाताने खेळतात त्याला फुटबॉल का म्हणतात" हे विचारायला येणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा. तिथेही येईन.)

झालं असं की रविवारी जेवताना चिरंजीवांशी वाजलं. वय वर्षं १५. त्याचं म्हणणं, कोच रायन डेनं आता एनएफएलमध्ये (म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये) जावं. आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाला २०२४ च्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, आता इथं मिळवायचं काय उरलंय? मी म्हटलं, बाबा रे, अर्बन मायरचं काय झालं ते आठव. तर म्हणे, "बाबा, दॅट्स वन गाय."

वन गाय कसला! मायरचे आकडे बघा. चार कॉलेजं, १७ मोसम, १८७ विजय, ३२ पराभव, तीन राष्ट्रीय विजेतेपदं. आमच्याकडे तर सात वर्षांत फक्त ९ सामने हरला, आणि कट्टर वैरी मिशिगनशी एकदाही नाही. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी त्याला नेला. १३ सामन्यांत ११ पराभव आणि डिसेंबरात, मोसम संपायच्या आधीच, हातात नारळ. कॉलेजात ११ सामने हरायला त्याला जवळजवळ सहा वर्षं लागायची.

आणि तो एकटा नाही. निक सेबन, मायामी डॉल्फिन्स, दोन वर्षं, १५-१७ (म्हणजे १५ विजय, १७ पराभव). स्टीव्ह स्परियर, वॉशिंग्टन, दोन वर्षं, १२-२०. बॉबी पेट्रिनो, अटलांटा, ३-१०. मॅट रूल, कॅरोलायना, ११-२७. सगळे कॉलेजात नावाजलेले.

प्रश्न साधा आहे. खेळ तोच, मैदान तेवढंच, मग हे का हरतात? पैज एक आठवडा भांडी घासण्याची आहे, त्यामुळे नीट विचार करून लिहा.

पॉपकॉर्नवाला
आलो. कोपऱ्यातली जागा धरलीय.

तात्या_प्लेनोकर
बक्कळ, सरसकट विधान करू नकोस. मी १९८९ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला डॅलसला उतरलो. टॉम लँड्रीला काढून सहा महिने झाले होते. २९ मोसम कोच असलेला माणूस, इथल्या लोकांसाठी देवासमान. आमच्या लॅबमधला टेक्निशियन नव्या कोचचं नावसुद्धा घेत नसे. "तो हेअरस्प्रेवाला" म्हणायचा. हेअरस्प्रेवाला म्हणजे जिमी जॉन्सन, मायामी विद्यापीठाला १९८७ चं विजेतेपद मिळवून देऊन आलेला. एनएफएलचा अनुभव शून्य.

पहिलं वर्ष १-१५. सोमवारी सकाळी लॅबमध्ये सुतक असायचं. त्यात ऑक्टोबरमध्ये यानं टीममधला एकमेव नाव घेण्यासारखा खेळाडू, हर्शेल वॉकर, मिनेसोटाला देऊन टाकला. आमचा टेक्निशियन त्या दिवशी डबा न खाता घरी गेला.

पण बदल्यात जॉन्सननं काय घेतलं? ड्राफ्टमधल्या निवडींचा ढीग. (ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातले खेळाडू टीमांनी आळीपाळीनं निवडायचे.) त्या निवडी फिरवत फिरवत १९९० ला एमिट स्मिथ आला, पुढे डॅरेन वुडसन आला. १-१५, मग ७-९, मग ११-५, मग १३-३ आणि सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला. पुढच्या वर्षी परत सुपर बोल.

हे त्याला का जमलं ते सांगतो. कॉलेजच्या कोचचं निम्मं आयुष्य सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन आईच्या हातचं जेवण्यात जातं. देशातला कुठला पोरगा दमाचा आणि कुठला नुसता दिसायला दांडगा, हे जॉन्सनला तोंडपाठ होतं. बाकीच्या टीम फिल्म बघून अंदाज बांधत होत्या, हा त्या पोरांच्या आयांना ओळखत होता.

खवचट_खानोलकर
म्हणजे कॉलेजचा कोच हा मुळात स्थळं बघणारा मामा. पोहे खातो, मुलगा बघतो, होकार घेऊन येतो. एनएफएलमध्ये मामाला विचारतो कोण, तिथे ड्राफ्टमध्ये परस्पर लग्नं लागतात.

बक्कळआय
खवचट, हे मी मुलाला इंग्रजीत कसं सांगू?

जर्बा_सातारा
मी यातलं काहीएक बघत नाही, पण धागा रंगतोय म्हणून विचारतो. कॉलेज आणि एनएफएलमध्ये असा फरक तरी काय? आमच्याकडं तालमीतला वस्ताद तोच असतो, पैलवान गावच्या मैदानात उतरू दे नाहीतर महाराष्ट्र केसरीला.

आकडेमोड्या
जर्बा, थोडक्यात सांगतो.

कॉलेजात वरच्या श्रेणीत १३० च्या वर टीम आहेत, पण मालमसाला सारखा वाटलेला नसतो. पोरं स्वतः कॉलेज निवडतात, त्यामुळे चांगली पोरं त्याच दहा-पंधरा ठिकाणी जातात. अनेक वर्षं प्रत्येकाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण अलाबामाचे ८५ आणि एखाद्या छोट्या कॉलेजचे ८५ यांत जमीन-अस्मानाचं अंतर. वर मोसमाच्या सुरुवातीला मोठी कॉलेजं छोट्यांना पैसे देऊन आपल्याच घरी मार खायला बोलावतात. हे गुपित नाही, रीतसर करार असतो. म्हणजे बारापैकी तीन-चार सामने नाणेफेकीआधीच जिंकलेले.

एनएफएलमध्ये ३२ टीम, प्रत्येकी ५३ खेळाडू, पगाराची कमाल मर्यादा सगळ्यांना सारखी (२०२५ मध्ये २७.९२ कोटी डॉलर). आणि ड्राफ्टमध्ये सगळ्यात वाईट टीमला पहिला नंबर. लीगची रचनाच अशी की वरचा खाली यावा आणि खालचा वर जावा. तिथे कोणी कोणाहून दुप्पट चांगला नसतो. तुझा वस्ताद तोच राहील रे, पण त्याला पैलवान निवडू दिले नाहीत आणि दर रविवारी समोर केसरीच उभा केला, तर?

जर्बा_सातारा
मग वस्ताद काय करणार. हरंल.

चिन्मयी_पूर्वाश्रमीची_दक्षिणी
पहिल्यांदाच इतकं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. दक्षिणेतल्या एका मोठ्या फुटबॉलवेड्या विद्यापीठात मी पीएचडी करत होते (नाव नको). पहिल्या उन्हाळ्यात पैसे संपले म्हणून तिथल्या अ‍ॅथलेटिक विभागात क्लास चेकरचं काम धरलं. काम असं: हातात क्लिपबोर्ड, त्यावर खेळाडूंची नावं आणि फोटो. तास सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी वर्गाच्या दाराशी उभं राहायचं. पोरगा आला, बरोबरची खूण. टोपी घालून मागच्या रांगेत बसला, तर वेगळी खूण, कारण फुटबॉलच्या पोरांना पहिल्या दोन रांगांतच बसायचा हुकूम होता. नाही आला तर फुली.

एकदा एका सहा फूट पाच इंची पोरावर मी फुली मारली. मला वाटलं, होऊन होऊन काय होणार. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला मी लॅबमधून घरी निघाले होते, स्टेडियमवरून जाताना आत दिवे दिसले. तो आणि त्याचे चार मित्र पायऱ्या चढत-उतरत होते. चूक एकाची, शिक्षा पाचांना. वर एक सहायक कोच कॉफी पीत उभा. पुढच्या आठवड्यात तो पोरगा वर्गाबाहेर मला म्हणाला, "मॅम, मी आलोय, प्लीज लिहा." मी तेव्हा २४ वर्षांची, तो १९ चा. मला इतकं वाईट वाटलं की दिवाळीपर्यंत मी त्या पोराला डोळे वर करून बघितलं नाही.

सांगायचा मुद्दा, कॉलेजच्या कोचची सत्ता ही अशी असते. पोरानं कुठे बसायचं, कधी उठायचं, काय खायचं, सगळं तो ठरवतो. आता हेच तीस वर्षांच्या, दोन पोरांच्या बापाला, ज्याचा पगार कोचपेक्षा जास्त आहे, त्याला सांगून बघा.

अ‍ॅन_आर्बरची_वहिनी
चिन्मयी, काय सुंदर लिहिलंयस. पहाटेचं चित्रच डोळ्यांपुढे उभं राहिलं.

बाकी, बक्कळ भाऊजी, तुम्ही यादीत आमच्या जिम हार्बॉचं नाव सोयीस्करपणे गाळलंत! स्टॅनफर्डहून फोर्टीनायनर्सकडे गेला, पहिल्याच वर्षी १३-३. चार वर्षांत ४४-१९-१, एक सुपर बोल फायनल. मग आमच्या मिशिगनला २०२३ चं विजेतेपद दिलं आणि चार्जर्सकडे गेला. ५-१२ ची टीम पहिल्याच वर्षी ११-६. आता बोला.

बक्कळआय
वहिनी, तुमचं नाव दिसलं तेव्हाच कळलं हे येणार. ती सुपर बोल फायनल तो सख्ख्या भावाच्या टीमशी हरला, ते नाही लिहिलंत. आणि २०२३ ला आमच्याशी सामना होता त्या दिवशी साहेब निलंबित होते, मैदानावर नव्हतेच.

अ‍ॅन_आर्बरची_वहिनी
नसतानाही जिंकलो, हे जास्त लागतंय ना? दिवे घ्या.

आकडेमोड्या
हार्बॉवरून एक सिद्धान्त मांडतो. हार्बॉ स्वतः एनएफएलमध्ये १४ वर्षं क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, डाव चालवणारा खेळाडू) होता. पीट कॅरल यूएससी विद्यापीठात जायच्या आधी जेट्स आणि पेट्रियट्सचा मुख्य कोच होता, तिथून सिॲटलला जाऊन सुपर बोल जिंकला. बिल वॉल्श स्टॅनफर्डच्या आधी आठ वर्षं बेंगल्सकडे सहायक होता. टॉम कॉफलिन बॉस्टन कॉलेजच्या आधी जायंट्सकडे होता, पुढे त्याच जायंट्सना दोन सुपर बोल जिंकून दिले. म्हणजे जो आधी एनएफएलचं पाणी पिऊन मग कॉलेजात गेला, तो परत येऊन टिकतो. जो थेट कॉलेजातून आला, मायर किंवा चिप केली किंवा लू होल्ट्झ, तो आपटतो.

तात्या_प्लेनोकर
जॉन्सनला एनएफएलचा काहीएक अनुभव नव्हता. त्याच्यामागून आलेल्या बॅरी स्विट्झरलाही नव्हता, त्यानंही सुपर बोल जिंकला. (टीम जॉन्सनची होती, गरम तव्यावर पोळी भाजली, हे मान्य.) उलट सेबन क्लीव्हलँड ब्राउन्सकडे बिल बेलिचिकच्या हाताखाली चार वर्षं बचावाचा प्रमुख होता. पेट्रिनो जॅग्वार्सकडे होता. रूल जायंट्सकडे एक वर्ष होता. तुझा सिद्धान्त फाटला.

आकडेमोड्या
फाटला नाही, उसवला. शिवून आणतो.

नाना_जर्सीसिटी
लू होल्ट्झचं नाव निघालंच आहे तर ऐका. १९७६, न्यूयॉर्क जेट्स. कॉलेजात पोरांना चेव आणायची जी पद्धत, तीच यानं इथे आणली. टीमसाठी स्वतः एक गाणं लिहिलं आणि जिंकल्यावर लॉकररूममध्ये सगळ्यांनी ते म्हणायचं असा नियम केला. त्या लॉकररूममध्ये क्वार्टरबॅक जो नेमथ बसलेला. वय ३३, सुपर बोल जिंकलेला, सगळ्या न्यूयॉर्कचा लाडका. तो शाळेतल्या प्रार्थनेसारखा हात बांधून गाणं म्हणतोय, असं चित्र मी नेहमी मनाशी रंगवतो. सुदैवानं गायची वेळ तीनदाच आली. ३-१० झाल्यावर एक सामना बाकी असतानाच होल्ट्झनं राजीनामा दिला. मग नोत्र दाम विद्यापीठात जाऊन १९८८ चं विजेतेपद घेतलं. माणूस तोच, गाणी म्हणणारे फक्त वेगळे.

खवचट_खानोलकर
आमच्या कंपनीत नवीन एचआर आली तिनं हेच केलं होतं. तीसुद्धा आता नोत्र दामला असेल.

फ्लोरिडा_मान्सून
जॅक्सनव्हिलमधून बोलतोय. २०२१ चं सीझन तिकीट माझ्याकडे होतं, तेव्हा माझ्या जखमेवर मीठ चोळणं चाललंय ते चालू द्या.

मायर आला तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. आदल्या वर्षी १-१५ झालेले, त्यामुळे ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स मिळणार होता. आल्या आल्या मायरनं काय केलं? फ्लोरिडातला आपला जुना लाडका विद्यार्थी टिम टीबोला बोलावलं. क्वार्टरबॅक म्हणून नव्हे, टाइट एंड (अडवणारा आणि बॉल झेलणारा) म्हणून. वय ३३, २०१२ नंतर एनएफएलचा सामना खेळलेला नाही. ऑगस्टमध्ये त्याला घरी पाठवलं, पण लॉकररूमला जे कळायचं ते कळलं. मग सप्टेंबरअखेर सिनसिनाटीला गुरुवारी रात्री हरलो, टीम विमानानं परत आली आणि साहेब कोलंबसला मागे थांबले. पुढचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. बक्कळ, तुमच्याच गावचे होते.

शेवटच्या सामन्याला आम्ही ठरवून विदूषकाचे वेष करून गेलो. मायर गेलेला होता, राग मॅनेजमेंटवर होता. माझ्या बायकोनं संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आणलेलं कुंकू माझ्या नाकाला लावलं आणि ते चार दिवस निघालं नाही. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी आम्ही कोल्ट्सना २६-११ हरवलं. ते जिंकले असते तर प्लेऑफमध्ये जाणार होते!

पुढच्या वर्षी डग पीडरसन आला. ९-८, आणि प्लेऑफमध्ये २७-० असे मागे असताना ३१-३० जिंकलो. क्वार्टरबॅक तोच होता हो.

शिवाजीपार्क_कट्टा
टीबोवरून स्परियर आठवला. त्यानं वॉशिंग्टनला आल्यावर फ्लोरिडाचे आपले जुने क्वार्टरबॅक, डॅनी वर्फेल आणि शेन मॅथ्यूज, दोघांना आणून बसवलं. आम्ही तेव्हा व्हर्जिनियात. ऑगस्ट २००२ मध्ये ओसाकाला सरावाचा सामना झाला, फोर्टीनायनर्सना ३८-७ धुतलं. ऑफिसात लोकांनी सुपर बोलची गणितं मांडली. मी म्हटलं, हा नेटमधला बॅट्समन आहे. ७-९.

अवांतर करतो, ओरडू नका. आपल्याकडे हा प्रश्न चंदू पंडितच्या बाबतीत तंतोतंत लागू आहे. रणजीत याच्यासारखा कोच नाही. मुंबई तीनदा, विदर्भ लागोपाठ दोनदा, मग २०२२ ला मध्य प्रदेश, तेही मुंबईला हरवून आणि त्याच चिन्नास्वामीवर, जिथे १९९९ ची फायनल तो मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून हरला होता. कडक शिस्त, पहाटेचे सराव, चिन्मयीताईंच्या त्या कोचचा सख्खा भाऊ. मग तो आयपीएलला कोलकात्याकडे गेला. पहिल्या वर्षी सातवा नंबर. दुसऱ्या वर्षी, २०२४, ट्रॉफी. तिसऱ्या वर्षी आठवा आणि नमस्कार.

जर्बा_सातारा
हां, आता कळाय लागलं.

नाना_जर्सीसिटी
२०२४ ला गंभीर मेंटॉर होता, त्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद मरेपर्यंत चालणार. पण पंडितचं उदाहरण पूर्ण बसत नाही. रणजीत तो पोरांच्या घरी जाऊन टीम जमवत नव्हता. विदर्भानं आहे ती टीम हातात दिली आणि त्यानं ती जिंकवली.

शिवाजीपार्क_कट्टा
नाना, म्हणून तर तो जास्त मोठा. सेबनला विदर्भ देऊन बघा.

बक्कळआय
मंडळी, मूळ मुद्दा! भांडी माझी आहेत.

मायामीचा_आंबा
सेबनबद्दल बरंच चुकीचं लिहिलं जातं म्हणून लिहितो. पहिल्या वर्षी त्यानं ४-१२ ची टीम ९-७ वर आणली होती. म्हणजे त्याला काही येत नव्हतं असं नाही.

खरी गोष्ट २००६ च्या मार्चमधली. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ करार संपून मोकळा झाला होता, पण खांद्याचं मोठं ऑपरेशन झालेलं. डॉल्फिन्सच्या डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटेना. म्हणून टीमनं त्याच्याऐवजी डॉन्टे कलपेपर आणला, ज्याच्या गुडघ्याचं आदल्या वर्षी वाटोळं झालं होतं. कलपेपर चार सामने खेळला. ब्रीझ न्यू ऑर्लिन्सला गेला आणि तिथे त्यानं काय केलं ते शहराला विचारा, अजून सुपर बोलच्या गोष्टी सांगतात. आपलं नशीब आपल्या हातात राहत नाही हे इथे कळलं, अशा अर्थाचं सेबनच पुढे बोललाय. कॉलेजात एक क्वार्टरबॅक गेला तर बाकावर तसलेच दोन बसलेले असतात. तिथे डॉक्टर नाही म्हणाला म्हणून दहा वर्षांचं भविष्य हातातून जात नाही.

राहता राहिलं त्याचं "मी अलाबामाचा कोच होणार नाही" हे डिसेंबरमधलं वाक्य आणि दोन आठवड्यांत अलाबामाला पळणं. त्याबद्दल मी अजून त्याला माफ केलेलं नाही. तिथे त्यानं सहा विजेतेपदं घेतली तरीही नाही.

खवचट_खानोलकर
निदान तोंडावर तरी खोटं बोलला. पेट्रिनो तर १३ सामन्यांनंतर खेळाडूंच्या लॉकरमध्ये चिठ्ठी ठेवून आर्कान्सॉ विद्यापीठाकडे गेला. भाडेकरूसुद्धा किल्ली हातात देऊन जातो.

फिली_भुर्जी
पेट्रिनोच्या बाबतीत एवढं लक्षात घ्या की ज्या मायकेल व्हिकसाठी तो आला होता, तो श्वानझुंजीच्या प्रकरणात तुरुंगात गेला. मायामीच्या आंब्याचाच मुद्दा. सगळं येऊन क्वार्टरबॅकपाशी थांबतं.

मला मैदानातलं थोडं सांगायचंय, कारण सगळे माणसांबद्दलच बोलताय. मैदान तेवढंच आहे असं बक्कळ म्हणतो, पण आतल्या खुणा सारख्या नाहीत. ज्या दोन रेघांच्या मधून दर वेळी खेळ सुरू होतो त्या हॅश मार्कमधलं अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कॉलेजात बॉल एका कडेला असला की दुसऱ्या बाजूला मोकळं रान पडतं. पळणारा पोरगा त्या रानात सोडला की झालं. एनएफएलमध्ये बॉल कायम मधोमध, रान कुठेच नाही, आणि समोर पळणारे सगळे तेवढ्याच वेगाचे.

आमच्या चिप केलीनं ऑरेगनमध्ये ४६-७ केलं ते वेगावर. एक खेळ संपतो न संपतो तोच दुसरा, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. फिलाडेल्फियात पहिली दोन वर्षं १०-६, १०-६. आम्ही वेडे झालो होतो, माझ्या मुलीनं शाळेच्या प्रोजेक्टला त्याचे सांकेतिक बोर्ड काढले होते. पण वेगात खेळलं की आपला डाव पटकन संपतो आणि आपलीच बचावाची फळी परत मैदानात. डिसेंबरपर्यंत त्यांची धाप लागायची. शिवाय तिथले बचाव प्रमुख अख्खा उन्हाळा बसून तुमची फिल्म बघतात. तिसऱ्या वर्षी केलीला खेळाडू निवडायचे सगळे अधिकार मिळाले. त्यानं बॉल घेऊन पळणारा आमचा हुकमी खेळाडू लशॉन मॅकॉय दुसऱ्या टीमला देऊन टाकला. ६-९ आणि एक सामना बाकी असताना बाहेर.

म्हणून आकडेमोड्या, माझा सिद्धान्त घे: युक्ती घेऊन येणारा दोन वर्षं टिकतो. माणसं ओळखणारा जास्त टिकतो.

आकडेमोड्या
शिवून आणलं. दोन गोष्टी.

एक, नव्या कोचला टीम मिळते ती हरलेलीच मिळते. जिंकणारी टीम कोच कशाला बदलेल? वॉल्शला १९७९ ला २-१४ ची टीम मिळाली आणि त्यानंही पहिल्या वर्षी २-१४ च केलं. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, ८२ व्या नंबरला, त्यानं क्वार्टरबॅक जो मोंटाना घेतला. दुसऱ्या वर्षी ६-१०. तिसऱ्या वर्षी सुपर बोल. जॉन्सनचं तात्यांनी सांगितलंच. आज २-१४ नंतर मालक इतका थांबेल? पहिल्या १३ सामन्यांवर मोजलं असतं तर वॉल्शही मायरच्याच रांगेत दिसला असता.

दोन, एनएफएलचे बहुतेक कोच काढलेच जातात, कॉलेजवाले असोत की नसोत. बेलिचिक क्लीव्हलँडला ३६-४४ होता आणि त्याला काढलं होतं. आपण फक्त कॉलेजवाल्यांचं अपयश लक्षात ठेवतो कारण ते आधी राजे होते.

चिन्मयी_पूर्वाश्रमीची_दक्षिणी
वॉल्शला कोणी काढलं नाही कारण त्यानं लोकांना पहाटे पायऱ्या चढायला लावल्या नाहीत, इतकंच म्हणते. तुमचे आकडे बरोबर आहेत, पण मायरला फक्त २-११ मुळे काढलं असं कुणी म्हणू नये. मोसम संपायच्या आधी काढावं लागलं, यावरून काय ते समजा.

फ्लोरिडा_मान्सून
+१. हरायची आम्हाला सवय आहे हो. आदल्या वर्षी १-१५ वाला मोसमभर राहिलाच होता की.

अ‍ॅन_आर्बरची_वहिनी
बेलिचिकचं नाव आलंय तर उलटा प्रवासही बघा. सहा सुपर बोल जिंकलेला माणूस २०२५ ला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आला. एनएफएलची ३३ वी टीम बनवणार म्हणाले. पहिल्या सामन्यात टीसीयू विद्यापीठानं ४८-१४ मारलं, मोसम ४-८. म्हणजे वरून खाली येणाऱ्यालाही पायरी दिसत नाही.

आणि माझी मैत्रीण एका विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक विभागात हिशेब बघते, ती म्हणते, आता कॉलेज कॉलेज राहिलंच नाही. २०२१ पासून पोरांना नावावर पैसे मिळतात, मनात आलं की दुसऱ्या कॉलेजात जातात, आणि २०२५ पासून तर कॉलेजच थेट पैसे देतं. वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर. टीमला जनरल मॅनेजर नेमलेत. आता आईच्या हातचं जेवून भागत नाही, पोराचा एजंट पण जेवायला असतो.

खवचट_खानोलकर
मामाचं कमिशन गेलं.

तात्या_प्लेनोकर
वहिनी, हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तुम्ही शेवटी आणलात. आज जे कॉलेजात कोच म्हणून तयार होतायत त्यांना पगाराची मर्यादा, सोडून जाणारे खेळाडू, एजंट, सगळं तिथेच शिकावं लागतंय. पहाटे पायऱ्या चढायला लावल्या तर पोरगा जानेवारीत दुसऱ्या कॉलेजात असेल. जॉन्सनच्या काळात कोच हुकूम सोडायचा. आताच्याला समजूत घालावी लागते. यांच्यातले जे वर जातील ते कदाचित एवढे आपटणार नाहीत.

बक्कळआय
मंडळी, आभार. सगळा धागा चिरंजीवांना वाचून दाखवला. (फोनवर भाषांतर करून त्यानं आधीच थोडा वाचला होता. माझ्या आयडीचं भाषांतर "प्लेंटी कम" आलं, त्यावर तो दहा मिनिटं हसत होता.)

त्यानं जे काढलं ते मलाही सुचलं नव्हतं. म्हणाला, रायन डे २०१५ ला फिलाडेल्फिया ईगल्सकडे आणि २०१६ ला फोर्टीनायनर्सकडे क्वार्टरबॅकचा कोच होता. दोन्हीकडे चिप केलीच्या हाताखाली. दोन्ही वर्षी सगळ्यांना नारळ मिळाला. "ही हॅज सीन हाउ टु फेल, बाबा. फ्रॉम व्हेरी क्लोज." म्हणजे आकडेमोड्याचं एनएफएलचं पाणीही प्यायलेला आणि फिली भुर्जीनं सांगितलेली फजिती आतून बघितलेला. मी निरुत्तर. तरी म्हटलं, आधी जॅग्वार्सच्या मालकाला विचार.

पैजेचा निकाल स्वयंपाकघरातून आला. दोघांनी मिळून घासा, आणि कढई भिजत घातलीय ती आधी. घासता घासता त्यानं संपूर्ण धाग्यावर एकच प्रश्न विचारला: "हू इज चंदू पंडित?"

तेव्हापासून सांगतोय. १९९९ च्या फायनलपर्यंत आलोय.

शिवाजीपार्क_कट्टा
चुकलात. वानखेडेपासून सुरुवात करायची. १९८७ ची वर्ल्ड कप सेमीफायनल, वेंगसरकर आजारी, त्याच्या जागी कोण आला? मागे जा आणि परत सांगा. भांडी आहेतच आठवडाभर.